चैतात या म्हणालात, म्हणून

ती. मामींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण दर आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी शेकडो माणसं तुमच्या दारावरून जातात आणि तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, हे त्यांनाही कळावं असं वाटतं. तुमचं नाव आणि वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नातवाकडून वाचून घ्या.

मला त्या वाटेवर आणलं इतिहासानं. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, शिवा काशिदांनी त्यांच्यासाठी प्राण दिला, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. कोल्हापुरातल्या पोरांना हे शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी करत पन्नासेक किलोमीटर, दोन दिवसांत. तेव्हा मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब सांभाळत होते. नोकरी वाईट नव्हती. मार्चअखेर ते मार्चअखेर असं वर्ष जायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पायात गोळे आले आणि मी मागे पडले. तुम्ही रोपलावण आटपून इरलं उतरवत होता. काही न विचारता मला चुलीपाशी बसवलंत, घोंगडं दिलंत, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलंत. दारापुढून ओहोळ धडाडत होता. हे पाणी जातं कुठं, असं मी विचारलं, तर म्हणालात, "तुमच्याकडंच की, कोल्हापूरला. आषाढात येतासा, पाणी बघतासा आन् जातासा. एकदा चैतात या."

हे तुम्ही सहज बोललात, पण मला ते सोडेना. पावनखिंडीतून वाहणारी कासारी पुढं पंचगंगेला मिळते. २०१९ ला आणि २०२१ ला आम्ही शहरात त्याच पंचगंगेचा महापूर पाहिला. तिच्या उशाशी राहणारी बाई चैत्राचं काय सांगत होती?

चैत्रात आले. उजाडायच्या आत तुम्ही मला झऱ्यावर नेलंत. बायकांच्या घागरी रांगेत होत्या आणि एकजण वाटीनं पाणी उपसत होती. एक घागर भरायला लागणारा वेळ मी पाहिला आणि नंतर कितीतरी दिवस कारखान्यात माझं लक्ष लागलं नाही. ऊन चढल्यावर तुम्ही मला वर पठारावर घेऊन गेलात. गुडघे दुखत असताना. पाऊस कुठं मुरतो, गुरं कुठं बसतात, तुमच्या सासूच्या काळी कुठला झरा वैशाखातही टिकायचा, सगळं काठीनं दाखवलंत.

पुढं भूजलाचं शिकायला लागले तेव्हा तुमचं प्रत्येक बोट बरोबर जागी पडलं होतं, हे कळलं. वरचा जांभा दगड भोकाभोकांचा, त्यातून पाणी भराभर खाली जातं. खाली घट्ट थर लागला की ते आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. जांभा जसा पाणी पटकन घेतो तसा सोडतोही, म्हणून पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात थेंब थेंब. झरा वाडीचा असला तरी त्याचा पाऊस वरच्या पठारावर पडतो, आणि ती जमीन कधी कधी दुसऱ्याच गावाची असते. झरा राखायचा तर आधी वरच्या गावाशी बोलावं लागतं.

नोकरी मी एका दिवसात सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी येत राहिले, मग हळूहळू सोडली. आता पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या वाड्यांवर फिरून झऱ्यांच्या नोंदी ठेवते. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ, भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं, दर महिन्याला, त्याच जागी. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, तो दोन दुकानांचे हिशेब लिहून भरून काढते. घरच्यांची काळजी अजून पुरती मिटलेली नाही, पण आई आता फोनवर आधी झऱ्याचं विचारते.

लोक विचारतात, चालण्यानं असं काय होतं? मला वाटतं, लांब चालणारा माणूस दुसऱ्यांच्या हवाली होतो. कोल्हापुरातून मलकापूरमार्गे गाडीनं पावनखिंडीच्या पायऱ्यांपाशी दोनेक तासांत पोचता येतं, पण त्या रस्त्यावर तुमची चूल लागत नाही. पाय थकले, पाऊस थांबेना, अंधार पडायला आला, की कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं. माझं काम मला असं एका दारात मिळालं. बाकीच्यांना वाटेत काय मिळेल ते मी कसं सांगू? पण आषाढात त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की त्याच वाटेनं एकदा उन्हाळ्यातही जा. प्लॅस्टिक मागे टाकू नका, आणि ज्या घरात पाणी प्यालात तिथं ते कुठून आणलं हे विचारा.

मामी, तुम्ही माझ्यासाठी बायकांना गोळा केलंत, "ही आपलीच पोरगी हाय, मोजू द्या हिला" म्हणालात. त्या शब्दाशिवाय मला कुणी झऱ्यापाशी उभं केलं नसतं. त्याबद्दल मनापासून आभार.

यंदा पाडव्यानंतर येते. नोंदवही नातवाच्या हाती द्यायचा विचार आहे, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुमच्या गुडघ्यांसाठी तेल आणते. आणखी काय हवं ते त्याच्याकडून फोनवर कळवा.

तुमची,
कोल्हापूरची पोरगी