काका, डिसेंबरातल्या त्या आठवड्यासाठी थँक्यू

काका, फोनवर दोनदा थँक्यू म्हणायला गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते.

मे महिन्यात रेड वाइनचा माझा माल ट्रान्सपोर्टवाल्याच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये चार दिवस पडून होता, मला पत्ताच नाही, मग गिऱ्हाईकं बाटल्या परत आणायला लागली आणि सप्लायर म्हणे माल एकदम ओके आहे. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, ही गरमीने शिजलीये, कॉर्क बघ कसा वर सरकलाय, आणि वास ताज्या फळाचा नाही, मुरांब्याचा येतोय. अकरा वर्षं वाइन शॉप चालवते मी, पण तोपर्यंत लेबल वाचूनच विकत होते हे त्या दिवशी कळलं आणि रात्री झोप लागली नाही. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला पुण्यात येतोच, दोन दिवस आधी येतो, सकाळ मला दे.

दुकानात बाटली उघडता येत नाही, एफएल टू लायसनवर सीलबंद विक्रीच करायची, म्हणून घरी डायनिंग टेबलावर चाखायला बसलो. सकाळी अकरा, चहानंतर तासभर काही खायचं नाही, अत्तर नाही, आणि आईने आठवडाभर देवापुढची उदबत्तीसुद्धा संध्याकाळी लावली (तिचेही आभार इथेच मानते). बाटल्या पेपरात गुंडाळलेल्या, वर रबरबँड आणि स्केचपेनने नंबर, ग्लासात जेमतेम 50 मिली, थुंकायला स्टीलचं पातेलं.

पहिल्याच ग्लासला मी गूजबेरी म्हणाले आणि तुम्ही विचारलंत, गूजबेरी कधी खाल्लीस? मी गप्प. मग तुम्ही किचनमध्ये जाऊन ढोबळी मिरची चिरून आणलीत, पेरू आणलात, मिरी खलबत्त्यात ठेचलीत आणि म्हणालात, आता सांग. ती सोविन्यो ब्लाँ नावाची व्हाइट वाइन होती, आणि तिच्यात तीच हिरवी ढोबळी होती! ती उपमा नाहीच, पायराझिन नावाचं द्रव्य मिरचीतही असतं आणि त्या द्राक्षातही, आणि शिराझ या रेड वाइनमधला मिरीचा वास म्हणजे रोटंडोन, तेही खऱ्या मिरीत असतंच. हे मला कुठल्याच ब्रोशरने सांगितलं नव्हतं.

बुधवार तर जन्मात विसरणार नाही. चार नंबरचा ग्लास लालभडक, मी जांभूळ, करवंद, काय काय लिहिलं, आणि पेपर काढला तर शेनिन ब्लाँ, म्हणजे व्हाइट वाइन, तुम्ही बिनवासाचा लाल रंग टाकला होतात. मला रडूच आलं. मग तुम्ही फ्रान्समधल्या बोर्डोचा प्रयोग सांगितलात, 2001 साली छापून आलेला, वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंगवून दिली तर त्यांनीसुद्धा रेडचेच शब्द लिहिले. आणि 1976 ची पॅरिसची गोष्ट, तिथे लेबलं झाकल्यावर फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाइन वर काढल्या, आणि ते टेस्टिंग भरवणारा स्टीव्हन स्परियर स्वतः दुकानदार होता, आपल्यातलाच, हे तुम्ही मुद्दाम दोनदा सांगितलंत.

आणि संध्याकाळी! सोमवारी केळकर म्युझियम, तिथे नुसत्या अडकित्त्यांपुढे तुम्ही अर्धा तास उभे, कुठल्या अडकित्त्याला सुपारी कशी धरायची ते हाताने करून दाखवत. बुधवारपासून मुकुंदनगरला सवाई. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, मधेच कानाशी येऊन विचारलंत, काय ऐकू आलं? मी म्हणाले, काका मला राग ओळखता येत नाहीत. तर म्हणे, नाव कुठे विचारतोय, सकाळी ग्लासाबद्दल सांगतेस तसं सांग. मी म्हणाले, आवाज खाली उतरताना कुठेतरी थांबतो आणि मग जरासा ओलसर होतो. तुम्ही नुसती मान हलवलीत, पण मला फार मोठं काही मिळाल्यासारखं झालं. रविवारी शेवटी सवाई गंधर्वांची ती भैरवीतली जुनी रेकॉर्ड लागली, बिन देखे, आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसलात.

आता दुकानात एक वही ठेवलीये, कुठल्या बाटलीत मला स्वतःला काय वास आला ते मराठीत लिहिते. परवा एक आजोबा पहिल्यांदाच वाइन घ्यायला आले, त्यांना म्हटलं याला पिकल्या पेरूचा वास आहे, थंडगार करून प्या, तर दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाले, अहो खरंच पेरू! मागच्या खोलीला एसी बसवलाय आणि माल उतरवून घेताना प्रत्येक खोक्यातला एक कॉर्क मी स्वतः बोटाने चाचपून बघते.

द्राक्षांची तोडणी सुरू झाली की कळवा, मी नाशिकला येते. सात नंबरची बाटली राहिलीच होती, ती आठवतेय ना? अजून पेपरातच आहे, मी पाहिलेली नाही, येताना घेऊन येईन.

तुमची,
पुण्याची वाइनवाली