काट्यावर न दिसणारी चरबी

संपादक महोदय,

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात आदराने घेतले जाते. आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र त्यांचे निष्कर्ष अजून पुरते उतरलेले नाहीत, ही खंत आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळेही सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. घट होती ती स्नायूंत आणि पोटातील अवयवांत.

म्हणून मधुमेहाचा धोका ओळखताना नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यानंतर. टेप कपड्यांवरून किंवा पँटच्या पट्ट्याच्या रेषेत धरली की आकडा चुकतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे भरली, तर बीएमआय कितीही चांगला असो, रक्तातील साखर तपासावी.