मुक्ताला पत्र: दहावीच्या उंबरठ्यावर गणिताचा विचार

इंदूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ग्वाल्हेरला मामाकडे सुट्टी मजेत चालली असेल. तुला पुढे गणितच शिकायचंय, पण फोनवर तो विषय निघाला की आजूबाजूला चार सल्लागार गोळा होतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

शाळा उघडल्यावर सीबीएसई बोर्डाची नोंदणी होईल. तेव्हा गणितासमोर दोन पर्याय असतील, स्टँडर्ड (०४१) आणि बेसिक (२४१). पुस्तक एक, अभ्यासक्रम एक, फरक फक्त पेपर किती कठीण एवढाच. दोन-चार टक्के वाढतील म्हणून वर्गातल्या काही मुली बेसिक घेतील. पण तो पेपर पुढे गणित सोडणाऱ्यांसाठी काढलेला आहे, आणि तो देऊन अकरावीत नेहमीचं गणित मागायला गेलं की अडचणी सुरू होतात. तू स्टँडर्डच घे. अकरावीत अप्लाइड मॅथेमॅटिक्स नावाचा विषय दिसेल (गंमत म्हणजे त्याचाही कोड २४१). तो कॉमर्सकडे जाणाऱ्यांना उपयोगी, आपल्याला नाही.

अकरावीचे विषय भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी, आणि पाचवा कंप्यूटर सायन्स. ‘बायो पण घेऊन टाक, दोन्ही दारं उघडी राहतील’ असं तुझे काका म्हणणार. दारं उघडी राहतात हे खरं, पण बायोची जर्नल्स आणि आकृत्या संध्याकाळचे तेच दोन तास खातात जे गणिताला हवेत. एक गोष्ट मात्र माहीत असू दे. आयसरच्या (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या) प्रवेश परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न जीवशास्त्राचे असतात. तेवढ्यासाठी दहावीपर्यंतचं नीट केलेलं आणि शेवटच्या दोन महिन्यांत वाचलेलं काहीतरी हाताशी येतं. त्यापायी दोन वर्षं विषय ओढायचं कारण नाही.

आता क्लास. भंवरकुव्यापासून गीता भवनपर्यंत पाट्याच पाट्या आहेत आणि बहुतेकांकडे दहावीसाठी ‘फाउंडेशन’ आहे. तिथे दिवाळीच्या आत डेरिव्हेटिव्ह शिकवून टाकतात. मुलं खूश, आईबाप त्याहून खूश. बारावीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात कॅलक्युलसला ३५ गुण आहेत हे मान्य, पण त्यात गुण जातात ते कॅलक्युलसमुळे कमी आणि कच्च्या बीजगणितामुळे जास्त. हे बघ: क्ष + ७ चं वर्गमूळ क्ष − ५ एवढं आहे, तर क्ष किती? दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष-वर्ग − ११क्ष + १८ = ० येतं आणि उत्तरं मिळतात ९ आणि २. निम्मा वर्ग दोन्ही लिहून मोकळा होतो. २ घालून बघ: डावीकडे ३, उजवीकडे उणे ३. वर्ग करताना चिन्ह हरवलं आणि एक खोटं उत्तर आत शिरलं. चलाने भागताना ते शून्य असू शकतं हे विसरणं, क्ष-वर्गाचं वर्गमूळ क्ष-चं केवलमूल्य असतं हे विसरणं, उणे संख्येने गुणताना असमानतेची दिशा न उलटणं, ही सगळी त्याच जातीची खोड. ती दहावीतच मोडायची. लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह अकरावीत शाळेच्या वेगाने येऊ देत.

दहावीच्या वर्षी वेळ असतो, तो ऑलिंपियाडला दे. पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, साधारण सप्टेंबरात. ३ तास, ३० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक उत्तर दोन अंकी पूर्णांक, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. त्यातून निवड झाली तर आरएमओ (विभागीय फेरी), मग जानेवारीत आयएनएमओ (राष्ट्रीय फेरी). या दोन्हींत प्रश्न ६च, पण उत्तर पूर्ण सिद्ध करून लिहावं लागतं. मुलींसाठी २०१२ पासून एग्मो हे वेगळं युरोपियन ऑलिंपियाडही भरतं आणि भारताचा संघ तिथे जातो. नोंदणीसाठी जूनपासून दर आठवड्याला संकेतस्थळ बघायचं. शाळेच्या भरवशावर राहिलं तर तारीख निघून गेल्यावर नोटीस लागते.

निवड झाली नाही तरी ही तयारी वाया जात नाही, आणि आमचा सगळा जोर इथेच आहे. शाळा आणि क्लास उत्तर काढायला शिकवतात, लिहायला नाही. समज प्रश्न असा आहे: लागोपाठच्या तीन पूर्णांकांच्या घनांची बेरीज ९ ने भागली जाते हे दाखवा. १, ८, २७ यांची बेरीज ३६. ८, २७, ६४ यांची ९९. ‘म्हणून विधान खरं’ असं कोणी लिहिलं तर शून्य मिळेल, आणि ते योग्यच आहे. मधल्या संख्येला ‘न’ म्हण. बेरीज ३ × न × (न-चा वर्ग + २) येते. आता न ला ३ ने भाग गेला तर काम झालं. नाही गेला तर न-च्या वर्गाला ३ ने भागून बाकी १ उरते, म्हणून कंसाला ३ ने भाग जातो. दोन्ही प्रकार लिहिले तरच सिद्धता पुरी. दुसऱ्या प्रकारात ‘बाकी १ का?’ हे एका ओळीत सांगायला हवं: न हा ३क + १ किंवा ३क − १ असतो, दोन्हींचा वर्ग करून बघ. गुण नेमके त्या न लिहिलेल्या ओळीला कापले जातात.

यासाठी दोन वह्या कर. एक कच्ची, तिच्यात वाटेल तशी खाडाखोड. दुसरी पक्की, तिच्यात आठवड्याला चारच सिद्धता, पण पूर्ण वाक्यांत. एका प्रश्नावर किमान ४० मिनिटं बसल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही. पक्क्या वहीतली सिद्धता तीन दिवसांनी परत वाचायची; जिथे स्वतःलाच ‘हे कुठून आलं?’ असं वाटेल तिथे भोक आहे.

अकरावीच्या डिसेंबरात एकदा बसून ठरवू की जेईईचा जोर किती ठेवायचा. जेईई मेनमध्ये गणिताचे २५ प्रश्न, तेही भौतिक-रसायनाबरोबर तीनच तासांत. सगळा खेळ वेगाचा. आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) आणि सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या परीक्षा वेगळ्या. कोलकात्याच्या बी.स्टॅट. आणि बंगळुरूच्या बी.मॅथ.साठी आयएसआयची परीक्षा मे महिन्यात असते: सकाळी ३० बहुपर्यायी, दुपारी ८ लेखी प्रश्न, दोन्हींना दोन-दोन तास. बहुपर्यायीत बरोबरला ४, चुकीला ०, कोऱ्याला १. हिशेब कर: चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी १ गुणच पडतो, कोऱ्याइतकाच. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र खूण करणं फायद्याचं. चेन्नईच्या सीएमआयमध्ये भाग अ मध्ये ठरलेले गुण मिळाले तरच भाग ब तपासतात, म्हणून अ हलका समजून घाईत उरकायचा नाही.

बारावीच्या मे महिन्यात हे सगळं एकावर एक येतं: जेईई ॲडव्हान्स्ड, आयएसआय, सीएमआय, मागोमाग आयसर. फॉर्म फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे नेमके बोर्डाच्या धामधुमीत निघतात. ते भरायचं काम बाबांचं, तू फक्त फोटो आणि सही स्कॅन करून ठेव. चारही जोमाने देता येत नाहीत. ॲडव्हान्स्ड आणि आयएसआय या दोन धर, बाकीच्यांची वेगळी तयारी करू नकोस.

यांपैकी काहीच जमलं नाही तर होळकर सायन्स कॉलेज आहे, १८९१ पासूनचं, घरापासून सिटी बसने जाण्यासारखं. तिथून बी.एससी. करता करता जॅम ही परीक्षा देऊन एम.एससी.ला आयआयटीत जाता येतं. सिमरोलच्या आयआयटीतही गणिताची एम.एससी. आहे. जॅममध्ये रियल ॲनालिसिस, लिनियर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी विचारतात, आणि बी.एससी.ची मुलं नेमकी तिथेच अडतात, कारण विद्यापीठाच्या पेपरात व्याख्या पाठ करून भागलेलं असतं. उन्हाळ्यात एमटीटीएस नावाचं गणिताचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे. त्याला बी.एससी. करतानाच अर्ज करायचा. या वाटेला कमी लेखू नकोस. दोन वर्षं उशिरा का होईना, पोचते तिथेच.

आल्यावर पहिलं काम खजुरी बाजारात. एनसीईआरटीने अकरावीच्या गणितातून गणिती विगमनाचं (इंडक्शनचं) प्रकरण काढून टाकलंय, तर्कविचाराचंही. दहावीतून युक्लिडचं भागाकाराचं लेमाही (भाज्य, भाजक आणि बाकी यांचा मूळ नियम) गेलं. आयएसआय, सीएमआय आणि ऑलिंपियाडला हे तिन्ही हवेतच. म्हणून दोन्ही इयत्तांच्या २०२२ पूर्वी छापलेल्या जुन्या प्रती शोधायच्या, अकरावीच्या प्रतीत प्रकरण ४ आणि १४ आहेत ना हे दुकानातच उघडून बघायचं, आणि मगच पैसे द्यायचे. आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरं लिहून ठेवली असतील तर दुसरी प्रत मागायची.

तुझी,
आई