मिशनरीला जरा बाजूला करून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिशनरी हा विषय निघाला की वाचकांची दोनच प्रकारची पत्रं येतात. एकात शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांची सेवा, किती थोर माणसं. दुसऱ्यात आमिष, परदेशी पैसा, भोळ्या लोकांना फसवून धर्म बदलला. मी स्वतः ख्रिस्ती, चर्चच्या युथ ग्रुपमधे वाढलेली, त्यामुळे पहिलं पत्र वाचून बरं वाटायचं आणि दुसरं वाचून डोकं फिरायचं. पण मधे काही वर्षं या विषयावर जरा नीट वाचन झालं, आणि आता वाटतं की ही दोन्ही पत्रं बाहेरून आलेल्या त्या एकाच माणसाभोवती फिरतात, एकाला तो हीरो वाटतो आणि दुसऱ्याला व्हिलन. ज्यांच्याकडे तो गेला ती माणसं दोन्हीकडे नुसती हात पसरून बसलेली. त्यांना डोकं आहे, ती नाही म्हणू शकतात, भांडू शकतात हे कुणी धरतच नाही.

संडे स्कूलमधे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरीची गोष्ट सांगतात, आफ्रिका, सिंहाचा हल्ला वगैरे. त्यात सेचेले हे नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं. हा आजच्या बोत्स्वानातल्या बाक्वेना लोकांचा प्रमुख. लिव्हिंग्स्टनने त्याला 1848 मधे बाप्तिस्मा दिला, त्यासाठी त्याने एक सोडून बाकीच्या बायकांना परत पाठवलं होतं, पण काही महिन्यांतच त्यातल्या एकीला त्याच्यापासून दिवस गेल्याचं कळलं आणि लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) बंद केलं. पुढे लिव्हिंग्स्टन शोधमोहिमांवर निघून गेला. इथे गोष्ट संपायला हवी ना? पण सेचेले वाचायला शिकलेला होता, त्याने स्वतःच आपल्या लोकांना बायबल शिकवलं, प्रार्थना चालवल्या, शेजारच्या जमातींपर्यंत ते नेलं, आणि वर पाऊस पाडायचे जुने विधीही सोडले नाहीत! आता याला कुठल्या खान्यात बसवायचं. फसवलेला म्हणावं तर शिकवणारा गेल्यावरही हा आपणहून करत होता, आणि आदर्श ख्रिस्ती म्हणावं तर मिशनवाल्यांनाच तो पचला नाही.

पंडिता रमाबाईंचंही बघा. 1883 मधे इंग्लंडमधे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि मग तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांमधून असा वाद घातलाय की बस. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, लॅटिन आमच्या संस्कृतपेक्षा मोठी आहे का, इथपर्यंत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर इंग्रज बिशप लोकांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी कळवलं की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने अशी हरकत कधी घेतली नाही आणि तुम्ही इंग्रज घेता याचं मला नवल वाटतं. ही बाई आमिषाला भुलली म्हणणाऱ्यांनी ती पत्रं एकदा वाचावीत, आणि मिशनने तिचा उद्धार केला म्हणणाऱ्या आमच्या लोकांनी तर दोनदा वाचावीत.

याचा अर्थ मिशनने चुका केल्या नाहीत असं नाही. मदतीच्या बदल्यात धर्म, दुसऱ्याच्या देवाची टिंगल, या गोष्टी झाल्या, आजही होतात, आणि त्यावर पांघरूण घालायची मला काही हौस नाही. पण त्या गैरवागणुकीवर आधी बोट ठेवलं तेही बऱ्याचदा आतल्याच लोकांनी. 1910 च्या एडिंबरा इथल्या जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे 1200 प्रतिनिधी होते, बहुतेक सगळे युरोप-अमेरिकेचे, तिथे भारतातले व्ही. एस. अझरय्या उभे राहिले आणि मिशनरी आणि देशी सहकारी यांच्यातलं नातं असायला हवं तसं नाही हे तोंडावर सांगितलं. तुम्ही गरिबांसाठी धन दिलंत, शरीरंही दिलीत, आम्हाला प्रेमही हवंय, आम्हाला मित्र द्या, असं ते म्हणाले. आणि हे नुसतं बोलणारे नव्हते, 1903 मधे तिरुनेलवेलीला इंडियन मिशनरी सोसायटी काढणाऱ्यांत ते होते. 1971 मधे केनियातले चर्चचे पुढारी जॉन गातूंनी तर सरळ सांगितलं की काही काळ मिशनरीही पाठवू नका आणि पैसेही नकोत.

हे सगळं आज लागू पडतं म्हणून लिहितेय. हल्ली तरुण मुलांच्या छोट्या मिशन ट्रिपा निघतात, सारखे टीशर्ट, एखादी भिंत रंगवायची, लहान मुलांना कडेवर घेऊन फोटो, आणि परत आल्यावर स्लाइड शो. त्या स्लाइडमधे प्रत्येक पाहुण्याचं नाव असतं आणि कडेला उभा असतो तो माणूस, जो तिथे वर्षानुवर्षं राहून आजारी लोकांकडे जातो, भांडणं सोडवतो, मयताला हजर असतो, त्याच्या खाली "स्थानिक मदतनीस" एवढंच लिहिलेलं. अहो मदतनीस कोण आणि काम कुणाचं! लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवतो तेव्हा काय सांगतो, पैशाची थैली घेऊ नका, एकाच घरी राहा, पुढ्यात येईल ते खा. म्हणजे पाठवलेला माणूस पाहुणा, यजमानाच्या भरवशावर. आम्ही बरोबर उलटं करून ठेवलंय, सामानाने भरलेली गाडी घेऊन जायचं आणि जेवायला वेळ नाही म्हणून संध्याकाळी परत.

आमच्या युथ ग्रुपमधे हे मांडलं तर काहींना पटलं, काहींनी तोंड वाकडं केलं, म्हणे मग आम्ही घरीच बसायचं का. घरी बसा असं कोण म्हणतंय. जायच्या आधी तिथल्या लोकांना विचारा की तुम्हाला आम्ही यायला हवंय का, कशासाठी हवंय, आणि नको म्हणाले तर ते ऐका.

तुम्हाला एकच विनंती. नाताळच्या सुमाराला पेपरात एखाद्या जुन्या मिशनरीवर हमखास लेख येतो. यंदा तो विल्यम कॅरीवर असेल तर बंगालमधल्या सेरामपूरच्या कृष्ण पालवरही थोडी जागा ठेवा. 1800 साली बाप्तिस्मा घेतलेला हा सुतार पुढे कितीतरी वर्षं स्वतः उपदेश करत फिरला, त्याने गीतंही लिहिली.

— एक ख्रिस्ती वाचक