बारकी पापलेटं घाट चढून येतात, नियम मात्र बंदरावरच थांबतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात राजारामपुरीत गेली एकोणीस वर्षे माझी खानावळ आहे. माहेर मालवणचे, म्हणून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावात मी मासे खाऊ घालते. सागरी मासेमारीवरच्या निर्बंधांच्या बातम्या मी नेमाने वाचते. कधी मच्छीमारांच्या दोन गटांची निवेदने, कधी मंत्रालयातली बैठक, कधी मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन बोटीवर कारवाई. ज्यांच्या पैशावर हा धंदा चालतो ते घाटावरचे गिऱ्हाईक आणि त्याला मासे पुरवणारे आमच्यासारखे लोक त्या बातम्यांत कुठेच नसतात. निर्णय घेताना आम्हाला कोणी विचारत नाही, आणि निर्णय झाल्यावर तो आमच्यावर कोणी लागूही करत नाही. यातली दुसरी गोष्ट मला जास्त टोचते.

गेल्या महिन्यात पहाटे गगनबावड्यावरून आलेल्या टेम्पोतला पापलेटचा एक क्रेट घेतला. वरच्या थरात तळहाताएवढी होती. बर्फ बाजूला केला तर खाली सगळी बारकी. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली आणि तोंडापासून शेपटीपर्यंत एकेक मोजत गेले. बारा सेंटीमीटर, साडेअकरा, अकरा. एक तर दहालाही दोन रेघा कमी. पोट इतके पातळ की पट्टीवरचे आकडे त्यातून दिसतील असे वाटावे. विकणाऱ्याला विचारले, तर म्हणाला, "वहिनी, थाळीला हीच परवडतात. दोन ठेवली की ताट भरतंय." त्याचे खोटे नाही. मोठ्या पापलेटच्या निम्म्या भावात ही मिळत नसती, तर कोणी घेतली नसती. मीसुद्धा पूर्वी घेतलेली आहेत.

२०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटचे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर, बोंबलाचे १८० मिलिमीटर. त्याहून लहान मासा पकडायचाच नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. म्हणजे माझ्या क्रेटच्या तळाशी राज्यमाशाची पोरं होती, आणि ती बंदरावरून, तपासणी नाक्यावरून, घाटातून कोणी न अडवता लक्ष्मीपुरीच्या बाजारापर्यंत आली. इतक्या वर्षांत आमच्या बाजारात हातात पट्टी घेतलेला माणूस मी पाहिलेला नाही. पंचगंगेत मासे मरून तरंगले की इथे पंचनामे होतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, आणि ते व्हायलाच हवे. पण वाढायच्या आधीच मेलेला मासा रोज पहाटे बर्फात उतरतो, त्याचा पंचनामा होत नाही.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. कोवळा ऊस तोडला तर साखरेचा उतारा मिळत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समिती ठरवते, त्यावर महिनाभर वाद होतो, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हजारो लोक मैदानात बसून दर मागतात. निर्णय पटो न पटो, तो कसा झाला हे गावोगाव ठाऊक असते. समुद्राचा हंगामही असाच ठरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. नेमका आखाड त्याच दिवसांत येतो, आणि ताजे पापलेट नाही म्हटले की गिऱ्हाईक माझ्यावर रुसते. बंदी आहे आणि ती कशासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

माझा भाऊ मालवणला रापणकार आहे. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने किनाऱ्यावर उभे राहून दोर ओढायचा आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. पर्ससीनच्या बोटी बांगड्याचे थवेच्या थवे घेरून नेऊ लागल्या तेव्हा कित्येक दिवस त्यांची रापण रिकामी आली. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने आदेश काढला. राज्याच्या हद्दीत, म्हणजे १२ सागरी मैलांच्या आत, पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर परवानगी आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. कागद चांगला आहे. तो आदेश वाडीत वाचून दाखवला त्या दिवशी भावाने मला फोन केला होता. पण मी त्याला बारक्या पापलेटांबद्दल बोलले तेव्हा तो म्हणाला, "जाळ्यात काय गावतला तां आमच्या हातात नसता गो." तेही खरे आहे. रापणीत बारकी मासळी येते, एका जागी रोवून ठेवलेल्या डोल जाळ्यात तर येतेच. माझ्या भावाला आणि मोठ्या बोटीच्या मालकाला एकाच पट्टीने मोजायचे की जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार आधी बघायचा, हे मुंबईत बसून ठरण्यासारखे नाही.

१९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातच सल्लागार समितीची तरतूद आहे. निर्बंध घालण्यापूर्वी तिच्याशी सल्लामसलत करायची, असा तिचा हेतू. माझे मागणे एवढेच, की या सल्लामसलतीत घाटावरच्या बाजारालाही जागा द्या. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे जाणारा मासा कोण घेतो, कुठल्या आकाराला काय भाव देतो, हे आमच्याशिवाय कोणाला माहीत असणार? सुनावण्या जून-जुलैत घ्या. तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि खलाशी घरी असतो. सप्टेंबरात घेतली तर ज्याचे पोट त्यावर आहे तोच समुद्रात असणार. बैठकीत कोण काय बोलले ते सोप्या मराठीत छापून बंदरावर आणि बाजारात लावा. आणि ५४ जातींच्या आकारांचा चित्रांसह फलक प्रत्येक मासळी बाजाराच्या दारात हवा, कारण मिलिमीटरच्या तक्त्याने आमच्या मासळीवाल्या मावशीला काही कळत नाही. पापलेटचे चित्र खऱ्या मापात काढले तर ती मासा त्यावर ठेवूनच बघेल.

मग तपासणीही इथे करा. बोटवाल्याला धरायचे आणि घेणाऱ्याला कोणी विचारायचेही नाही, हे बरोबर नाही. घेणारी मी आहे. माझ्या क्रेटमध्ये बारका मासा सापडला तर दंड मलाही झाला पाहिजे, म्हणजे उद्या मी टेम्पोवाल्याला तो परत न्यायला सांगेन, आणि तो बंदरावर लिलावात त्याला बोली लावणार नाही.

त्या दिवशी तो क्रेट मी परत केला. पट्टी आता वजनकाट्याशेजारी खिळ्याला अडकवली आहे. मापात बसणारी पापलेटं मिळाली नाहीत त्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर बांगडा लिहिते.

आपली,
एक खानावळचालक, राजारामपुरी, कोल्हापूर