टायटॅनियमची मूठ: टूलरूममधल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हातानं सुऱ्या घडवणाऱ्या आम्हा मंडळींना टायटॅनियमच्या मुठी कशा करायच्या ते तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्याच दिवशी तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत: ग्रेड 5, म्हणजे आपण वापरतो तो टायटॅनियमचा मिश्रधातू, उष्णता फारशी पुढे वाहून नेत नाही, जवळजवळ सगळा ताप ड्रिलच्या बिटाच्या टोकाशीच साठतो. पुढचं सगळं काम त्यावरूनच उलगडत गेलं.

म्हणूनच 4 मिमीच्या कोबाल्ट बिटाला 800 आरपीएमच्या वर जायचं नाही. दाब मात्र ठाम आणि सलग हवा. बिट नुसतं घासत राहिलं की खालचा पृष्ठभाग कडक होतो, मग नवं बिटही त्यावर घसरतं. निघणारी धातूची चिप निळी पडायला लागली की थांबायचं. खाली लाकडाचा ठोकळा घट्ट आवळलेला असला की बिट आरपार जाताना मुठीची पट्टी ओढली जात नाही. टँगची, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाची, भोकं अर्थातच पातं कडक करण्याआधी.

आट्यांबद्दल सांगितलंत ते तर सोन्यासारखं. एम3, म्हणजे 3 मिमीच्या स्क्रूसाठी नेहमीच्या 2.5 ऐवजी 2.6 मिमीचं भोक, भरपूर टॅपिंग तेल, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. स्क्रू स्टेनलेसचा, वर अँटी-सीझ, म्हणजे आटे धरू नयेत म्हणून लावायचं वंगण. टायटॅनियमचा स्क्रू टायटॅनियमच्या आट्यात कोरडा पिळला तर दोन्ही एकमेकांना धरतात, मग डोकं तुटतं पण स्क्रू सुटत नाही.

वजनाचा हिशेबही तुम्हीच मांडून दाखवलात. मुठीच्या दोन बाजूंच्या 110 × 25 × 3 मिमीच्या पट्ट्यांची जोडी टायटॅनियममध्ये साधारण 73 ग्रॅम, पोलादात 130, जी10 मध्ये (काचतंतू आणि इपॉक्सीचा पत्रा) जेमतेम 30. म्हणजे पोलादापुढे हलकी, पण जी10 च्या दुपटीहून जड. आतल्या बाजूनं निम्म्या भागात 1.5 मिमी खोल खिसा काढला की 18 ग्रॅम वाचतात आणि तोल पात्याकडे सरकतो.

बाहेरचा आकार इपॉक्सीचा गोंद लावायच्या आधी, पट्ट्या स्क्रूवर आवळूनच पूर्ण करायचा, कारण ग्राइंडरवर तापलेली पट्टी इपॉक्सी सोडते. चिकटवताना 80 ग्रिटच्या पॉलिश कागदानं खरवडून, ॲसिटोननं पुसून लगेच जोडायचं. कार्बन स्टीलचं पातं असेल तर मध्ये जी10 चा पातळ लायनर (अस्तर) हवाच. कोकणातल्या मासे साफ करायच्या सुरीत खारं पाणी शिरलं की टायटॅनियमला काही होत नाही, त्याला टेकलेला टँग मात्र गंजून जातो.

रंगासाठी पट्टी सोड्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडायची: साधारण 25–30 व्होल्टला निळा, 55–60 ला सोनेरी. बोटाचा तेलकट ठसा तसाच उमटतो. जोडणीची तांब्याची तार पाण्यात बुडू द्यायची नाही. कडांवरचा रंग वापरानं झिजणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं.

सगळ्यात मोठे आभार भुशाबद्दल. टायटॅनियमचा बारीक भुसा पेट घेतो. लोखंडाच्या ठिणग्या पडतात त्या डब्यात तो कधीच नाही, रोज झाडून वेगळा ठेवायचा. पेटला तर पाणी नाही, सीओ2 नाही, फक्त कोरडी वाळू. आमच्या प्रत्येक ग्राइंडरशेजारी वाळूची बादली आहे, ती तुमच्यामुळे.

आपली,
सुऱ्या घडवणारी मंडळी