मिलिटरीवाला आला की सगळं सरळ होतं म्हणणाऱ्यांसाठी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की देश पाच वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या, निवृत्त जनरल लोकांना थेट मंत्री करा, सगळे पुढारी आपोआप लायनीत येतील. आता सोलापुरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं असं काही वाचलं की माणसाला बरं वाटतं, वाटतं यावा एखादा काठी घेऊन. आमच्या अशोक चौकात चहाच्या टपरीवर तर हा विषय कायमचा आहे, कुणीतरी सुरू करतो आणि बाकीचे माना डोलावतात. मी एकदा विरोध केला तर एक जण म्हणाला काय बोलायलाय बे तू, मिलिटरीवाल्याला पैसा नको असतो. असेल बाबा, पैसा नको असेल. पण नुसता पैसा नको असणं एवढ्यावर माणूस राज्य चालवायला लायक होतो का, हा माझा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी एका रशियन जनरलची गोष्ट सांगतो.

आधी हे सांगतो की माझं रशियाशी नातं काय. आई विड्या वळायची, वडील लूमवर, घरात लाल बावटा. रशियातून यायची ती गुळगुळीत कागदाची मासिकं आमच्याकडं ढिगानं असायची, वाचायची कमी आणि वह्यांना कव्हर घालायला जास्त. लाल सेना म्हणजे हिटलरला गाडणारी सेना, एवढं आमच्या डोक्यात पक्कं. म्हणून अल्बर्ट माकाशोव हे नाव मला जास्त लागतं, दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

हा माणूस १२ जून १९३८ चा, व्होरोनेझ भागातल्या खेड्यातला. पोरगा असतानाच सैनिकी शाळेत, मग ताश्कंदच्या लष्करी कॉलेजात, मग मॉस्कोच्या मोठ्या अकादम्या, म्हणजे सगळं आयुष्य छावणीतलं. चढत चढत कर्नल-जनरल झाला. १९८८ च्या शेवटी आर्मेनियात, अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा काराबाख भाग आम्हाला जोडा म्हणून लाखो लोक रस्त्यावर होते, तेव्हा हा येरेव्हान शहराचा लष्करी कमांडंट. ७ डिसेंबरला तिथं भूकंप झाला, स्पिताक गाव भुईसपाट, पंचवीस हजाराच्या वर माणसं गेली, आणि तीन दिवसांत काराबाख कमिटीच्या लोकांना, म्हणजे त्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांना, पकडायला सुरुवात झाली. ढिगाऱ्याखालून अजून लोक काढायलेत आणि इकडं अटका. त्या पकडलेल्यांत एक लेव्होन तेर-पेत्रोस्यान होते. पुढच्या वर्षी सुटले, आणि १९९१ मध्ये लोकांनी त्यांना आर्मेनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं.

आता त्याच १९९१ मध्ये जनरल साहेब पण राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, रशियाच्या. त्याआधी १९९० च्या जूनमध्ये रशियन कम्युनिस्टांच्या स्थापनेच्या परिषदेत त्यांनी सोव्हिएत संघाचे प्रमुख गोर्बाचेव्ह यांच्यावर तोफ डागली होती, की आमच्या बापांनी ज्या देशांना फॅसिस्टांकडून सोडवलं तिथून आमची फौज न लढता माघारी यायलीय. टाळ्या भरपूर पडल्या. टाळ्यांवरून त्यांना वाटलं असणार की मतं पण पडतील. मतदान होतं १२ जून १९९१ ला, म्हणजे नेमका त्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस. जिंकलेल्या येल्त्सिनला ५७ टक्के, माकाशोवना पावणेचार टक्के, सहा उमेदवारांत पाचवा नंबर. लोकांनी वाढदिवसाला असा आहेर दिला.

इथंच गोष्ट संपली असती तर मी पत्र लिहिलं नसतं. हरलेले उमेदवार आपल्याकडं काय कमी आहेत का, प्रत्येक गल्लीत दोन सापडतील. पण जन्मभर हुकूम सोडायची सवय लागलेल्या माणसाला हार म्हणजे काय हेच कळत नाही असं मला वाटतं. दोन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, गोर्बाचेव्हला कोंडून सत्ता घ्यायचा प्रयत्न झाला. माकाशोव तेव्हा व्होल्गा-उरल लष्करी विभागाचे प्रमुख, त्यांनी बंडवाल्यांना पाठिंबा दिला. बंड तीन दिवसांत झोपलं आणि यांची नोकरी गेली.

मग १९९३. येल्त्सिननी २१ सप्टेंबरला संसद बरखास्त केली. तसा त्यांना अधिकार नव्हता, तिथल्या घटना न्यायालयानं पण तसंच सांगितलं, त्यामुळं येल्त्सिन फार सज्जन होते असं माझं म्हणणं अजिबात नाही, शेवटी त्यांनी संसदेवर रणगाडे घातले. पण संसदेच्या बाजूनं कोण होते बघा. उपराष्ट्राध्यक्ष रुत्स्कोय, हे पण अफगाणिस्तानात गाजलेले हवाई दलाचे अधिकारी, त्यांनी स्वतःला हंगामी राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं आणि माकाशोवना उपसंरक्षणमंत्री नेमलं. ३ ऑक्टोबरला रुत्स्कोयनी संसदेच्या बाल्कनीतून लोकांना सांगितलं की महापौरांचं ऑफिस घ्या, मग टीव्ही केंद्र घ्या. काळी बेरे टोपी घालून, हातात बंदूकवाले अंगरक्षक घेऊन जनरल पुढं, मागं ट्रक आणि बसमध्ये पब्लिक. ओस्तांकिनोच्या टीव्ही केंद्रात सरकारची कमांडो तुकडी आधीच बसली होती. यांनी आतल्यांना शरण या म्हणून धमकावलं, ट्रकनं काचेचं दार फोडलं, आणि मग आतून गोळ्या सुरू झाल्या. समोर गर्दीत बहुतेक साधी माणसं होती, काही तर नुसती बघायला आलेली, आणि कॅमेरेवाले. चाळीसच्या वर माणसं तिथंच गेली, दोन परदेशी कॅमेरामन पण त्यात. दोन दिवसांचा मॉस्कोचा सरकारी आकडा १४७.

ज्या माणसानं चाळीस वर्षं लढाई कशी करायची हे शिकलं आणि शिकवलं, त्यानं निःशस्त्र गर्दी घेऊन कमांडोंच्या बंदुकीसमोर जायचं, याला काय म्हणायचं? शिस्तीचा माणूस म्हणतात ना, ती शिस्त त्या रात्री कुठं होती?

आपल्याला त्या आठवड्यात यातलं काही कळलंच नाही आणि त्यात आपली चूक पण नाही. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी झालं होतं, सोलापूरला सगळी घरं हलली, जखमी इथं दवाखान्यात आणायले होते, लोक रात्री अंगणात झोपायचे. मॉस्कोत काय चाललंय हे कोण वाचतंय.

अटक झाली, जेल झाला, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये नव्या संसदेनं, म्हणजे ड्युमानं, सगळ्यांना माफी देऊन टाकली. खटला चाललाच नाही, त्यामुळं ओस्तांकिनोला कुणाचं चुकलं हे कोर्टात ठरलंच नाही. माझ्या मते पुढचं सगळं त्या माफीतनं आलं. डिसेंबर १९९५ ला जनरल साहेब समारामधून खासदार, झ्युगानोव्ह यांच्या कम्युनिस्ट पक्षाकडनं. हा पक्ष तेव्हा ड्युमात सगळ्यात मोठा, ४५० पैकी १५७ जागा.

आणि १९९८. ऑगस्टमध्ये रुबल कोसळला, लोकांचे बँकेतले पैसे गेले, कित्येकांचे पगार महिनोन् महिने थकलेले. लोक चिडलेले होते आणि बरोबरच होतं. अशा वेळी पुढाऱ्यानं काय सांगायला पाहिजे? पगार कुणी थकवले, कर्ज कुणी काढलं, कारखाने कुणाच्या घशात गेले, हे सांगायला पाहिजे. जनरलनी ऑक्टोबरमध्ये सभांमध्ये काय सांगितलं तर सगळं ज्यूंमुळं झालंय, आणि मी मेलो तर दहा-बारा ज्यूंना बरोबर वर घेऊन जाईन. शब्द याच्यापेक्षा घाण होता, मी इथं लिहीत नाही. टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं.

आता माझ्या मनातली खरी खंत सांगतो. ४ नोव्हेंबरला ड्युमात त्यांच्या निषेधाचा ठराव आला, नुसता निषेध, खासदारकी काढायची पण गोष्ट नव्हती. बाजूनं १०७ मतं, विरोधात १२१. ठराव पडला. कम्युनिस्ट पक्षानं आपल्या माणसाला सांभाळून घेतलं. माझी आई ज्या बावट्याखाली मोर्चाला जायची त्याच रंगाचा बावटा, आणि त्याच्याखाली हे. आमच्या विडी कारखान्यात तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्या बायका शेजारी-शेजारी बसायच्या, एकीच्या सुपातली तंबाखू संपली तर दुसरी मूठभर टाकायची, मजुरीचं भांडण मालकाशी असायचं, शेजारच्या सुपाशी नाही. झ्युगानोव्हला हे कोण सांगणार.

सरकारी वकिलांनी चौकशी उघडली पण तीही कुठं पोचली नाही. आणि २००३ ला पक्षानं परत यादीत घेऊन त्यांना ड्युमात पाठवलं. जानेवारी २००५ मध्ये वीस खासदारांनी सरकारी वकिलांना पत्र दिलं की ज्यूंच्या संस्थांची चौकशी करून त्यांच्यावर बंदी घाला, त्यात यांची सही. तारीख बघा साहेब. २७ जानेवारी १९४५ ला आउशवित्झच्या छळछावणीतले लोक सोडवले ते लाल सेनेनं. बरोबर साठ वर्षांनी, जगभरातले लोक तिथं जमायले असताना, त्याच सेनेच्या जनरलची अशा कागदावर सही.

काही जण म्हणतील सगळे जनरल असे नसतात. मान्य. अलेक्झांडर लेबेद पण जनरलच, १९९६ ला राष्ट्राध्यक्षपदाला साडेचौदा टक्के मतं घेतली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खासाव्युर्तला बसून चेचेन युद्ध थांबवायचा करार केला. जनरल लेव रोखलिननी त्याच युद्धात चेचेन राजधानी ग्रोझनीची लढाई लढून सरकारचं मोठं पदक नाकारलं, आपल्याच देशातल्या युद्धात कसला गौरव म्हणून. गंमत, म्हणजे गंमत नाहीच, रोखलिनचे वडील ज्यू होते. १९९८ च्या जुलैमध्ये त्यांचा खून झाला आणि त्यांनी लष्करासाठी काढलेली संघटना कम्युनिस्ट खासदार इल्युखिन आणि माकाशोव यांच्या हातात गेली. १९९९ ला त्यांनी तिच्या नावावर निवडणूक लढवली, मतं अर्धा टक्का. बघा, थेट मतदारासमोर गेले की पावणेचार टक्के, नाहीतर अर्धा. मोठ्या पक्षाच्या पंखाखाली गेले की खासदार. म्हणून दोष मी रशियन लोकांना देत नाही, पक्षाला देतो.

आणि मिलिटरीच्या ताब्यात देश द्या म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना, ते सोलापूरचेच असतील तर, एवढंच विचारतो की चार हुतात्मा पुतळ्यांसमोरनं रोज जाता ना? मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ होता, जूनच्या शेवटापर्यंत. गांधी टोपी घातली तरी सोजीर पकडायचे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. कुर्बान हुसेन तर तुमच्याच धंद्यातले, पेपर चालवायचे. ती फौज इंग्रजांची होती हे मला कळतं, आपली फौज तशी नाही आणि आपल्या जवानाबद्दल मला आदरच आहे, आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं सीमेवर आहेत. पण तो जवान सीमेवर उभा आहे तो त्याला सभा जिंकायची नाही म्हणून. सभेत उभा राहिला की त्याला पण बाकीच्यांसारखंच तपासा, आधी कुठं कमांडंट होता आणि तिथं काय केलं ते विचारा, हरल्यावर काय केलं ते तर नक्की विचारा.

पत्र लांबलंय, तुम्ही कापणार हे माहितीय. कापायचं तर माझ्या घरची हकीकत कापा, १०७ आणि १२१ हे दोन आकडे मात्र राहू द्या.

आपला एक वाचक,
अशोक चौक, सोलापूर